नव्या नळीची जुनी रायफल

रायफल पहिल्यांदा हातात आली तेव्हा वैदेहीने आधी तिचा वास घेतला. जवसाचं तेल, जुनं लाकूड आणि त्याखाली कुठेतरी थंड लोखंड. लायडस्खेनडाम या डच गावातल्या त्या घरात पडदे अर्धे ओढलेले होते. बाहेर कालव्यावरून एक बोट इतक्या हळू चालली होती की बोट थांबलेली आहे आणि खिडकीच सरकतेय असं वाटावं. रायफलीचा मालक, एक उंच, वाकलेला म्हातारा, सोफ्याच्या कडेला बसून तिच्याकडे जरा नवलाने बघत होता. बंदूक बघायला येणारी माणसं नंबर तपासतात, बोल्ट मागेपुढे करतात. वास घेणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी.

"भारतात बनलेली आहे," तो म्हणाला. "ईशापूर. हा बघ, इथे छाप."

ईशापूरच्या बंदूक कारखान्याचा छाप तिने आधीच पाहिला होता. दस्त्याच्या वरच्या लोखंडी कड्यावर झिजलेली अक्षरं होती, बोटाने चाचपली तर डोळ्यांपेक्षा नीट वाचता येतील अशी.

वैदेही अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या डीमनला राहायची. नवरा रविकांत अ‍ॅमस्टरडॅमच्या एका बँकेत सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याच्या मागून ती या देशात आली, डच शिकली आणि आता एका चष्म्याच्या दुकानात काम करत होती. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, काड्या वाकवून सरळ करायची. मुलगी आर्या इथेच वाढलेली, शाळेच्या शेवटच्या वर्षात. आणि दर शनिवारी सकाळी वैदेही सायकलवरून गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबात जायची. डीमनमधल्या मराठी मंडळींना हे कळलं तेव्हा पहिले काही महिने सगळे तिच्याशी जरा जपूनच बोलायचे.

मुळात हे सगळं सुरू झालं होतं तळेगावजवळच्या एका माळावर. कॉलेजात असताना ती एन.सी.सी.मध्ये होती. कॅम्पच्या शेवटच्या दिवशी मुलींना थ्री-नॉट-थ्री चालवायला दिली. पोटावर झोपून, खांद्याला दस्ता लावून ती समोरच्या कागदाकडे बघत होती, तेव्हा नेमबाजी शिकवणारे गढवाली उस्ताद शेजारी उकिडवे बसून म्हणाले होते, "साँस आधी छोड़ो बेटी, फिर भूल जाओ." ती खरंच विसरली. श्वास, माळ, ऊन, मागे रांगेत खिदळणाऱ्या मुली, सगळं. जगाचं बटण कुणीतरी बंद केलं आणि राहिली फक्त एक काळी माशी. बंदुकीच्या टोकावरच्या त्या इवल्या उभ्या पात्याला माशी म्हणतात. तिच्या पलीकडे धूसर पांढरा कागद. मग दणका बसला आणि जग परत आलं. पण मधला तो तुकडा तिच्याजवळच राहिला. लग्न, बदल्या, बाळंतपण, परदेश, सगळ्यातून तो तिच्याबरोबर आला. कधी कधी झोपेतही यायचा. माळ पाण्याखाली असायचा, गवत संथ हलत असायचं, आणि ती झोपलेली असायची एका अशा शांततेत, जी जागेपणी तिला कुठेच सापडली नव्हती.

ही रायफलही थ्री-नॉट-थ्रीच होती, त्यामुळे त्या म्हाताऱ्याच्या बैठकीत ती भानावर नव्हती, असं म्हटलं तरी चालेल.

"नळी कशी आहे?" तिने एवढं मात्र विचारलं.

"आरशासारखी," म्हातारा म्हणाला. "बघ ना."

तिने बोल्ट काढला आणि नळी खिडकीकडे धरून आरपार पाहिलं. आत गोल गोल उजेड होता. पलीकडे कालव्याचं पाणी एका चांदीच्या नाण्याएवढं दिसत होतं. सुंदर होतं ते. त्या चमकेत पीळ असायला हवेत, गोळीला गिरकी देणाऱ्या त्या खाचा कडेला स्पष्ट, धारदार दिसायला हव्यात, हे तिला क्लबात शिकवलं होतं. पण तिच्या डोळ्यांसमोर पाणी होतं. आणि म्हाताऱ्याने काही फसवलं नव्हतं. त्याने ती रायफल जन्मात कधी चालवलीच नव्हती, नुसती कपाटात जपली होती आणि दर नाताळात नळी घासून लख्ख केली होती.

पोलिसांची परवानगी यायला उन्हाळा गेला. एक पोलीस बाई घरी येऊन लोखंडी कपाट बघून गेली. त्याआधी रविकांतने ते कपाट कुठे ठेवायचं यावरून आठवडाभर घोळ घातला होता.

"देवघराच्या भिंतीला नको," तो म्हणाला.

"देवांच्या हातात काय काय आहे ते बघ एकदा," वैदेही म्हणाली.

"त्यांना परवाना लागत नाही." त्याने शेवटी स्वतःच ते कपाट झोपायच्या खोलीत, लोकरीच्या कपड्यांशेजारी, भिंतीत पक्कं ठोकून दिलं.

पहिल्या शनिवारी धुकं होतं. क्लबाचा मैदानी पट्टा पोल्डरच्या, म्हणजे पाणी हटवून काढलेल्या सखल शेतजमिनीच्या, कडेला, मातीच्या उंच बांधांच्या मधोमध. दोन्हीकडे पाण्याचे चर, पलीकडे गायी. वैदेही आडवी झाली, दस्ता खांद्याला लावला, श्वास अर्धा सोडला. दणका तोच होता. तिचे डोळे भरून आले. तिने एकामागून एक गोळ्या झाडल्या आणि कागद आणायला चालत गेली.

कागदावर भोकं नव्हती, चिरा होत्या. लांबट, आडव्या, कशाही पसरलेल्या. काही गोळ्या तर कागदाला शिवल्याही नव्हत्या.

"आडव्या जातायत," मागून तीनेके म्हणाली. ती क्लबातली सगळ्यात जुनी मेंबर. आयुष्यभर ट्राम चालवली, आता निवृत्त. आवाज अजूनही शेवटच्या डब्यापर्यंत पोचेल असा. "गोळी कोलांट्या खातेय. नळीत पीळच उरलेला नाही, वैदेही. गुळगुळीत पाइप आहे तो."

"पण ती चमकत होती."

"म्हणून तर." तीनेकेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आता दोन रस्ते. एक तर ही कपाटात राहू दे, बघायला छान आहे. नाहीतर नवी नळी बसव. पण माझं ऐकशील तर दुसरी रायफल घे. जिला आधीच नवी नळी बसलेली आहे आणि जी तू स्वतः चालवून बघितली आहेस अशी. दुसऱ्याच्या चुका निदान कागदावर दिसतात. आपण करून घेतलेलं काम पूर्ण होईपर्यंत काहीच दिसत नाही."

"मला हीच हवी आहे."

"मग बसवणाऱ्याला विचार. नळी कुठली? या रायफली त्याने आधी केल्यात का? मागची फट कोण मोजणार? सरहद्दीपलीकडे, बेल्जियममध्ये, चाचणीला पाठवणार का? आणि जुनी नळी परत माग. तिच्यावरचे शिक्के पुन्हा कुठे मिळायचे नाहीत."

वैदेहीने मान डोलावली. पण ती तेव्हाही बांधाकडे बघत होती. धुक्यात एक बगळा उभा होता, हलतच नव्हता.

रूड नावाचा कारागीर तिला इंटरनेटवर सापडला. दक्षिणेला, बेल्जियमच्या सीमेजवळ त्याचं वर्कशॉप होतं. त्याच्या पानावरचे फोटो बघत ती संध्याकाळच्या संध्याकाळ घालवायची. अक्रोडाचं लाकूड, पिवळा उजेड, लोखंडाचे कुरळे कीस. एका फोटोत खिडकीतून ऊन येत होतं आणि टेबलावर नुसती एक नळी ठेवलेली होती, बासरीसारखी. रूड फोनवर गोड बोलला.

"या जुन्या बाया माझ्या लाडक्या," तो रायफलींबद्दल म्हणाला. "जर्मन पोलादाची नळी लावतो. जन्मभर बघायला नको."

"ईशापूरच्या आधी केल्या आहेत तुम्ही?"

"सगळ्या सारख्याच असतात गं. आटे म्हणजे आटे."

"चाचणी?"

"इथल्या कायद्याने लागत नाही. मी स्वतः चालवून बघतो की."

जुन्या नळीचं विचारायचं ती विसरली. विसरली म्हणण्यापेक्षा, फोन ठेवताना मागे कुठेतरी लेथ फिरत होता, त्याचा घुमणारा आवाज तिला इतका आवडला की बाकीचं राहूनच गेलं.

रूडचा माणूस येऊन रायफल घेऊन गेला आणि मग वाट बघणं सुरू झालं. रूडचे निरोप आधी वेळेवर यायचे. मग नळी जर्मनीहून यायची आहे, मग त्याचा गुडघा दुखतोय, मग सुट्ट्या. हिवाळा आला. दुकानातून घरी येताना ट्राममध्ये काचेला डोकं टेकून वैदेही बाहेरचे ओले दिवे बघायची आणि मनातल्या मनात माळावर आडवी व्हायची. त्या दिवसांत तिला स्वप्न फार पडायचं. कधी माळाच्या जागी पोल्डर असायचा आणि उस्ताद रबरी बूट घालून चरात उभे असायचे. कधी शेजारी आर्या झोपलेली असायची, पण वैदेहीच्याच तेव्हाच्या वयाची, दोन वेण्या घातलेली. रविकांत म्हणायचा, "झोपेत हसतेस तू हल्ली." तिला त्याचं काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर ती त्या दिवसांत सुखात होती. ज्या रायफलीत अजून काहीच बिघडलेलं नसतं ती फक्त वाट बघण्यातच मिळते.

ट्युलिपची शेतं रंगायला लागली तेव्हा रूडचा निरोप आला. तयार आहे.

वर्कशॉप फोटोतल्यासारखं नव्हतं. खोली फोटोतलीच होती, पण ऊन नव्हतं आणि टेबलावर कॉफीचे कप साचले होते. रूडने रायफल कापडातून काढली. लाकूड त्याने नव्याने घासून तेल लावून काळंभोर केलं होतं. नळी निळसर काळी, एखाद्या खोल पाण्यासारखी. वैदेहीने ती खांद्याला लावली आणि पाहिलं.

नळीच्या टोकाला, माशीच्या दोन्ही बाजूंना, तिचं रक्षण करायला दोन पोलादी कान असतात. माशी त्या दोन कानांच्या बरोबर मध्ये, ताठ उभी असायला हवी. ही किंचित डावीकडे कलली होती. एखाद्या केसाएवढी. दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती. पण जी बाई दिवसभर माणसांच्या तोंडावरचे वाकडे चष्मे सरळ करते तिला दिसली. 

"छान दिसतेय ना?" रूड म्हणाला.

"छान आहे," वैदेही म्हणाली.

ती असं का म्हणाली हे तिला पुढे बरेच दिवस कळलं नाही. इतके महिने थांबल्यावर समोर आलेल्या गोष्टीला वाकडी म्हणायला जीभ वळली नाही, एवढंच असेल. घरी जाताना गाडीत तिने स्वतःला समजावलं की उजेड कमी होता.

शनिवारी पहिल्या गोळ्या बऱ्या गेल्या. जरा डावीकडे, पण जवळ जवळ. चिरा नव्हत्या, गोल भोकं होती. तीनेके दुर्बिणीतून बघत "हं" म्हणाली. मग नळी तापत गेली तशा गोळ्या कागदावर चालायला लागल्या. प्रत्येक गोळी आधीच्या गोळीपेक्षा थोडी वर, थोडी डावीकडे, जणू कुणीतरी कागद हळूहळू ओढून नेत होतं. वैदेहीने श्वास सोडला, थांबली, चाप ओढला.

या वेळचा आवाज वेगळा होता. दणक्यात एक फाटका सूर होता, आणि गालावर गरम वाफेचा फटकारा आला. तिने बोल्ट मागे घेतला. काडतुसाचं फक्त बूड बाहेर आलं, पितळेची एक छोटी टोपी. बाकीचं काडतूस आतच राहिलं होतं.

"थांब!" तीनेकेचा आवाज आला. "सगळे थांबा! हत्यारं खाली!"

सगळा पट्टा गप्प झाला. कुणाला काही झालं नव्हतं. वैदेहीच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा होता, गाल फक्त लाल झाला होता. 

क्लबाच्या खोलीत तीनेकेने मापाचा एक छोटा पोलादी तुकडा आणला. मोडलेलं काडतूस काढून तो तुकडा नळीच्या मागच्या तोंडात ठेवला.

"मागची फट बरोबर असेल तर बोल्ट यावर बंद होणार नाही," ती म्हणाली. "अडला पाहिजे."

तिने बोल्ट एका बोटाने ढकलला. तो लोण्यात सुरी जावी तसा बंद झाला.

"फट जास्त आहे, काडतुसाला मागे टेकायला आधारच नाही," तीनेके हळू म्हणाली. "प्रत्येक वेळी ते ताणलं जातंय, आणि शेवटी तुटतंय. आज थोडक्यात गेलं." मग तिने नळीच्या टोकाकडे पाहिलं. "आणि ही माशी?"

"मला दिसली होती," वैदेही म्हणाली.

तीनेके उठली. तिने कॉफी आणली.

रूडकडे परत जायचं ठरलं तेव्हा रविकांत ऑफिसच्या कामाने रॉटरडॅमला होता. आर्या म्हणाली, मी येते. गाडीत ती कानात इअरफोन घालून बसली. पण हायवे सोडून गाडी पॉपलरच्या रांगांमधून जायला लागली तेव्हा तिने ते काढले.

"मम, तू त्याला काय म्हणणार आहेस?" तिने डचमध्ये विचारलं.

"सांगेन, हे बरोबर नाही झालं."

"आणि तो म्हणेल, जुन्या रायफली अशाच असतात. मग?"

वैदेहीने गिअर बदलला.

रूड अगदी तेच म्हणाला. जुन्या रायफली अशाच असतात, काडतूस खराब असेल, तू जास्त वेगात चालवली असशील. तो वाईट माणूस वाटत नव्हता. थकलेला वाटत होता आणि घाईत होता. आर्याने रायफल उचलली नाही, हातही लावला नाही. ती फक्त वाकली आणि टोकाकडे बोट दाखवलं.

"हे वाकडं आहे," ती तिच्या स्वच्छ, शाळेतल्या डचमध्ये म्हणाली. "मला बंदुकीतलं काही कळत नाही, सर, पण हे वाकडं आहे. तुम्हाला दिसतंय का?"

रूडने बघितलं. "हो," म्हणाला.

मग तो बसला. सांगितलं की या जातीच्या रायफलीची नळी आवळताना ती नेमकी एका जागी येऊन थांबावी लागते, नाहीतर माशीही तिरकी आणि नेम धरायची मागची खाचही तिरकी. त्याची नळी त्या जागेच्या जरा पुढे जाऊन थांबली होती. ते निस्तरायला पुन्हा सगळं उघडावं लागलं असतं. आणि लाकूड? जुनं लाकूड नव्या नळीला बसेना, म्हणून त्याने आतून घासलं. ते कुठे टेकायला हवं आणि कुठे नको, हे त्याला ठाऊक नव्हतं. ईशापूरची ही त्याची पहिलीच.

"जुनी नळी द्या मग," वैदेही म्हणाली.

रूडने हात पसरले. "ती भंगारात गेली गं. कापून टाकावी लागते, नियम आहे. कुणी मागितली नव्हती."

नियम खरा होता की नाही, कुणास ठाऊक. वैदेहीने रायफल कापडात गुंडाळली. जुन्या नळीवरचे ते बारीक बारीक शिक्के आता कुठल्यातरी भट्टीत वितळले होते. कुणा एकेकाळच्या तपासनिसाच्या हातोडीने, कुठल्या दुपारी, ईशापूरच्या उकाड्यात उमटवलेले. तिने त्यांचा फोटोही काढला नव्हता.

परतीच्या वाटेवर पाऊस भुरभुरत होता आणि सगळी शेतं पाण्यात गेल्यासारखी दिसत होती.

"तुला एक विचारू?" आर्या म्हणाली. या वेळी मराठीत, जपून जपून. "तुला ही का हवी? म्हणजे, नवी का नाही?"

वैदेहीने सांगायला सुरुवात केली. माळाचं, उस्तादांचं, तो मधला तुकडा. बोलता बोलता तिला वाटलं हे सगळं किती हलकं आहे, गाडीच्या काचेवरच्या वाफेसारखं, बोटाने पुसलं तर जाईल. पण आर्याने इअरफोन घातले नाहीत. नाआर्डेनच्या फाट्यापर्यंत ती ऐकत होती. मग म्हणाली, "ओके." आणि थोड्या वेळाने, "पण मग नीट करून घे ना. अर्धवट नको."

या वेळी वैदेहीने फोटो बघितले नाहीत. तीनेकेने दिलेल्या दोन नावांना फोन केले आणि दोघांनाही तेच प्रश्न विचारले. एकाने नाही म्हणून सांगितलं. दुसरा येले, उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातला, पस्तिशीतला, पूर्वी कुठल्याशा कंपनीत इंजिनिअर होता. तो म्हणाला, "आधी घेऊन ये. जमेल की नाही ते बघितल्याशिवाय सांगणार नाही."

रविकांतने रजा काढली. लांबलचक बांधावरून गाडी चालली होती. एकीकडे समुद्रासारखं तळं आणि दुसरीकडेही पाणीच. मधे रस्ता, आणि आभाळ इतकं खाली आलेलं की पाणी कुठे संपतं ते कळत नव्हतं. 

येलेने रायफल सुटी केली आणि तुकडे टेबलावर ओळीने मांडले. एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला.

"नळी चांगली आहे," तो शेवटी म्हणाला. "खरंच चांगलं पोलाद आहे. बसवलीय वाईट. मागून थोडी कापून पुन्हा आवळावी लागेल, म्हणजे माशी सरळ होईल आणि फटही बरोबर येईल. लाकडाचं मात्र नुकसान झालंय. आत नवे तुकडे चिकटवीन. दिसतील. लपवणार नाही."

"बिघडू शकतं?"

"हो. लाकूड फाटू शकतं. फाटलं तर सांगेन." त्याने डोकं खाजवलं. "मीही ईशापूरच्या फार केलेल्या नाहीत. दोन. एक जमली, एकीत मला दोनदा सगळं उघडावं लागलं. आणि नळीवर नंबर कोरायला हवा. त्याने कोरलाच नाही. पोलिसांना कळवायला लागेल, ते तू कर."

"चाचणी?"

"बेल्जियममध्ये, लिएजला पाठवू. ते जास्तीच्या दाबाने चालवून बघतात. फुटली तर तिथे फुटू दे, तुझ्या गालाशी नको."

वैदेहीने मान हलवली. मग म्हणाली, "मी आवळताना इथे असू शकते का? मला बघायचंय."

येले हसला. "ये की. पण मग बोलायचं नाही. मी मोजतो तेव्हा मला कुणी बोललेलं चालत नाही."

ती दोनदा गेली. पहिल्यांदा नुसती बसून राहिली. दुसऱ्यांदा, नळी शेवटचा वळसा घेत होती तेव्हा, येलेने तिला जवळ बोलावलं आणि टोकाकडे बोट केलं. ती वाकली. दोन कानांच्या मध्ये माशी उभी होती. वैदेहीने एक डोळा मिटला, मग दुसरा, मग डोकं तिरकं करून पाहिलं.

"अजून एक केस," ती म्हणाली.

येलेने पुन्हा मोजलं. मग लांब दांड्याचा पाना उचलला आणि श्वास रोखून किंचितसा वळवला.

शिशिर आला तेव्हा रायफल घरी आली. लिएजचा ठसा नव्या नळीवर होता, लहान आणि स्वच्छ. लाकडात आतल्या बाजूला फिक्या रंगाचे दोन तुकडे बसवलेले दिसत होते. तीनेकेने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"संग्राहक हिला दारात उभं करणार नाही," ती म्हणाली. "नळी जर्मन, ठसा बेल्जियन, लाकडाला ठिगळं. ना अस्सल, ना नवी."

"मला कुठे विकायचीय," वैदेही म्हणाली.

त्या शनिवारी रविकांत तिला सोडायला आला होता, कारण रस्त्यांवर बर्फाचा पातळ थर होता आणि सायकलवरून रायफल नेणं त्याला मुळीच मंजूर नव्हतं. तो आत आला नाही. "मला ते आवाज नकोत," म्हणाला आणि गाडीतच थांबला.

पट्ट्यावर ती आणि तीनेके, दोघीच होत्या. बांधांवरचं गवत पांढरं पडलं होतं. चरांतलं पाणी गोठता गोठता थांबल्यासारखं, घट्ट दिसत होतं. वैदेही आडवी झाली. चटईतून गारठा पोटाला लागला. तिने श्वास सोडला.

तळेगावचा माळ आला नाही. तिने वाट बघितली, आला नाही. समोर कागद होता, माशी होती, आणि मधे धुक्याचा एक पदर सरकत होता. दूर एक गाय खोकली. तिला ते ऐकू आलं. सगळं ऐकू येत होतं: स्वतःचं नाक, तीनेकेच्या बुटाखालचं गवत, हायवेची अस्पष्ट घरघर. काहीच बंद झालं नव्हतं. तिने हलकेच चाप ओढला. मग पुन्हा. मग थांबून, नळीवर तळहात धरून ऊब बघून, पुन्हा. प्रत्येक काडतूस अख्खं बाहेर आलं आणि पितळेच्या खुळखुळाटात चटईवर पडलं.

कागदावरची भोकं तिने पंजा ठेवून झाकली. झाकली गेली, एक सोडून.

"वाईट नाही," तीनेके म्हणाली. तिच्या तोंडून ही शाबासकीच होती. "पुढच्या महिन्यात सैनिकी रायफलींची स्पर्धा आहे. नाव घालू?"

"घाल."

"शेवटी येशील हं."

"घाल गं."

रायफल पुसून, कुलूपबंद पेटीत घालून वैदेही गाडीपाशी आली तेव्हा रविकांत झोपला होता. सीट मागे टाकलेली, टोपी डोळ्यांवर, काचा आतून वाफेने भरलेल्या. तिने पेटी मागे ठेवली, पुढे येऊन बसली आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. बोटांना तेलाचा आणि धुराचा वास होता. समोरची काच इतकी धूसर होती की पोल्डर नुसता एक उजेड झाला होता, त्याला कड नव्हती. तिने इंजिन सुरू करायला त्याला उठवलं नाही. खांदा दुखायला लागला होता, जरा छानच दुखत होता.

बऱ्याच वेळाने रविकांतने टोपी सरकवली.

"झालं?"

"झालं."

"आवाज आलाच नाही मला."

"तू घोरत होतास."

त्याने डोळे चोळले, बाहीने काचेवर एक गोल पुसला. त्या गोलात मेंढ्या होत्या, रस्ताभर पसरलेल्या, सावकाश चाललेल्या, आणि त्यांच्या मागे कुत्र्याला हाका मारणारी एक बाई.

"आता या जाईपर्यंत थांबा," तो म्हणाला आणि हीटर लावला.

"थांबू की," वैदेही म्हणाली.